कडकनाथची अंडी उबत नाहीत? उरलेली अंडी फेकण्याआधी फोडून बघा

उबवणीच्या मशीनमध्ये ३० अंडी ठेवली, बाविसाव्या दिवशी ७ पिल्लं हाती आली. पुढच्या खेपेला तापमान अर्ध्या अंशाने वाढवलं, तर ५ आली. त्याच्या पुढच्या खेपेला पाण्याच्या वाट्या वाढवल्या, तर ८ आली आणि त्यातली दोन लंगडी. घरी कडकनाथ, म्हणजे काळ्या कोंबडीची जात, पाळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. खेपेमागून खेप जाते, दर वेळी मशीनचा एखादा खटका फिरवला जातो आणि न उबलेली अंडी उकिरड्यावर जातात. खरं तर उत्तर त्या उकिरड्यावर गेलेल्या अंड्यांतच असतं. पिल्लू कितव्या दिवशी मेलं हे कळलं की कारणांची यादी दोन-तीनवर येते. ते कळलं नाही तर माणूस मशीन बदलतो, कोंबडा बदलतो, आणि शेवटी वैतागून पक्षी विकून टाकतो.

सुरुवातीलाच एक आकडा सांगतो. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कडकनाथची जी माहिती दिली आहे, तिच्यात फलित अंड्यांचं प्रमाण ५५ टक्के आणि त्या फलित अंड्यांतून पिल्लं निघण्याचं प्रमाण ५२ टक्के आहे. म्हणजे १०० अंड्यांमागे २८-२९ पिल्लं. खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) गावरान कोंबडीखाली १२ अंड्यांतून ९-१० पिल्लं बघायची सवय असलेल्याला हा आकडा धक्कादायक वाटतो, पण जात मुळातच या बाबतीत कमजोर आहे. तेव्हा ३० मधून ८-९ येत असतील तर तुमच्याकडे काही अघटित घडलेलं नाही. मात्र यापेक्षा चांगला निकाल काढता येतो. या आकड्यात दोन वेगवेगळ्या गळत्या आहेत, एक अंडं फलितच नसण्याची आणि दुसरी पिल्लू आत मरण्याची. दोन्हींवर इलाज वेगळे आहेत, म्हणून त्या वेगळ्या मोजायला हव्यात.

फोडायची कशी

अंडी ठेवतानाच प्रत्येकावर शिसपेन्सिलीने घातल्याची तारीख आणि खुराड्याची खूण लिहा. स्केचपेन नको, त्याची शाई कवचातून आत उतरते. बाविसावा दिवस पूर्ण संपू द्या. मग उरलेली अंडी बाहेर अंगणात न्या, तोंडाला फडकं बांधा आणि रुंद टोकाकडून फोडा, कारण हवेची पोकळी त्या बाजूला असते. एकेक अंडं वहीत टिपत चला. नुसतं ‘खराब’ असं लिहून काही उपयोग होत नाही.

ज्या अंड्यात बलक पिवळाधमक आहे आणि रक्ताचा मागमूस नाही, ते एक तर फलित नव्हतं किंवा पहिल्या एक-दोन दिवसांत गेलं. बलकावर लाल वर्तुळ दिसलं तर मरण दुसऱ्या ते चौथ्या दिवसातलं. डोळ्याचा ठळक काळा ठिपका आहे पण अंगावर पिसं नाहीत, तर पहिल्या आठवड्याच्या शेवटापासून बाराव्या दिवसापर्यंत कधीतरी. पिसं आली आहेत आणि बलक पूर्ण बाहेर आहे, तर तेरा ते सतरा. पूर्ण वाढलेलं पिल्लू, बलक अर्धा पोटात गेलेला किंवा पूर्ण गेलेला, कवचाला चोच मारली किंवा मारली नाही, हे सगळे अठराव्या दिवसानंतरचे मृत्यू.

कडकनाथच्या बाबतीत एक जपा. या जातीत काळा रंग फक्त पिसांत नसतो, तो कातडी, हाडांवरचं आवरण आणि आतल्या अवयवांतही उतरतो. त्यामुळे मधल्या टप्प्यातलं पिल्लू काळपट दिसतं आणि बघणारा ‘सडलं’ म्हणून मोकळा होतो. सडलेलं अंडं वासाने कळतं, रंगाने नाही.

दोन-तीन खेपांची वही समोर ठेवली की मरण कुठे साचलं आहे ते दिसतं. कुठल्याही चांगल्या खेपेत मरणाचे दोन छोटे उंचवटे असतातच, एक तिसऱ्या दिवसाच्या आसपास आणि दुसरा १८ ते २० दिवसांत. त्यातला एखादा डोंगराएवढा झाला असेल किंवा मधल्या काळातच मरणं दिसत असतील, तर पुढे वाचा.

बलक पिवळाच राहिला, म्हणजे कोंबड्याचा दोष?

बहुतेक जण इथे थेट कोंबड्यावर घसरतात. आधी खात्री करा. त्याच खुराड्यातली ५-६ ताजी अंडी बशीत फोडा (नंतर पोळी करून खा, वाया काही जात नाही). बलकावरचा पांढरा ठिपका निरखा. फलित अंड्यात तो ३-४ मिलिमीटरचा, कडेला गोल चक्र आणि मधे फिकट असा दिसतो. फलित नसलेल्या अंड्यात ठिपका लहान, घट्ट पांढरा आणि वेड्यावाकड्या कडांचा असतो. दोन-चार वेळा बघितलं की डोळा बसतो.

ताज्या अंड्यांतच चक्र दिसत नसेल, तर गोष्ट खुराड्यातली आहे. एका कोंबड्यामागे ८-१० कोंबड्या पुरेत. कोंबडा निदान सात-आठ महिन्यांचा असावा, फार म्हातारा नसावा, आणि त्याचे पाय धड असावेत. तळपायाला गाठ झालेला कोंबडा दिसायला रुबाबदार असला तरी कोंबडीवर चढत नाही. एका खुराड्यात दोन तुल्यबळ कोंबडे असले तर ते एकमेकांना अडवण्यात दिवस घालवतात. शिवाय कोंबड्याच्या आवडीनिवडी असतात. काही कोंबड्यांकडे तो फिरकतच नाही, आणि अंड्यांवर कोंबडीची खूण नसेल तर हे कधीच लक्षात येत नाही.

आता खरी मेख. ताज्या अंड्यांत चक्र स्वच्छ दिसतं, पण मशीनमधून निघालेली निम्मी अंडी पिवळीच निघतात. खानदेश, मराठवाडा, विदर्भात मार्च ते जूनमध्ये हे फार होतं, आणि दोष कोंबड्याचा नसून अंडी साठवलेल्या जागेचा असतो. फलित अंड्यातली वाढ साधारण २०-२१ अंशांखाली थांबलेली राहते. त्याच्या वर गेलं की ती हळूहळू सुरू होते. स्वयंपाकघराच्या फडताळात ३५-३६ अंशांत आठवडाभर ठेवलेल्या अंड्यात तो ठिपका दिवसा थोडा वाढतो, पहाटे थबकतो, पुन्हा वाढतो, आणि मशीनमध्ये जाण्याआधीच मरतो. दिव्यावर धरलं तर ते अंडं वांझ अंड्यासारखंच स्वच्छ दिसतं. अशा वेळी कोंबडा विकून दुसरा आणला, तर निकाल तोच येतो आणि एक चांगला नर हातचा जातो.

इलाज खेड्यापाड्यांत जुनाच आहे. एका टोपलीत किंवा अर्ध्या ड्रममध्ये वाळू भरा, तिच्यात माठ अर्धा गाडा, वाळू ओली ठेवा, माठात तळाला कोरडा भुसा किंवा कापड घाला, त्यावर अंडी निमुळतं टोक खाली करून ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. उत्तम साठवण १५ ते १८ अंशांत होते. माठ तिथपर्यंत नेणार नाही, पण खोलीपेक्षा बराच खाली आणतो. उन्हाळ्यात अंडी दिवसातून तीनदा गोळा करा, दुपारची अंडी खुराड्यात राहू देऊ नका. फ्रिजमधले ४-५ अंश उबवणीच्या अंड्यांना फार थंड, आणि बाहेर काढल्यावर कवचावर दव धरतं ते वेगळंच. साठवण ७ दिवसांपर्यंत ठीक. त्यापुढे रोज निकाल घसरतो. उन्हाळ्यात मी चार दिवसांच्या वर जाऊ देत नाही.

पार्सलने मागवलेली अंडी असतील तर ती आल्या आल्या मशीनमध्ये सारू नका. गाडीच्या हादऱ्यांनी हवेची पोकळी सैल झालेली असते. रुंद टोक वर करून सावलीत बारा ते चोवीस तास राहू द्या.

रक्ताचं वर्तुळ आणि लवकरची मरणं

पहिल्या आठवड्यातलं मरण बहुतेकदा तापमानाचं असतं, आणि तापमानाचं म्हणजे थर्मामीटरचं. तापमान राखणाऱ्या स्वस्त कंट्रोलरवरचा ३७.५ हा आकडा खरा असेलच असं धरू नका. घरातला ताप मोजायचा थर्मामीटर ३५ ते ४२ अंश दाखवतो, उबवणीला लागणारा टप्पा नेमका त्यात येतो. तो अंड्यांच्या शेजारी ठेवा आणि कंट्रोलरच्या आकड्याशी ताडून बघा. फरक असेल तर तो मशीनवर चिकटपट्टी लावून लिहून टाका.

दुसरा घोळ पंख्याचा. पंखा असलेल्या मशीनला ३७.५ ते ३७.८ अंश हवेत. थर्मोकोलच्या बिनपंख्याच्या पेटीत ऊब थरांनी साचते, वर जास्त आणि खाली कमी, म्हणून तिथे अंड्याच्या वरच्या पातळीला मोजून ३८.३ ते ३८.८ लागतात. पंख्याच्या मशीनचा आकडा बिनपंख्याच्या पेटीला लावला की अंड्याचा खालचा भाग गारच राहतो, आणि पिल्लं तेविसाव्या दिवशी कशीबशी, फुगलेल्या पोटाने निघतात. उलट एकोणिसाव्या दिवशीच चोची दिसू लागल्या, पिल्लं बारकी आणि नाभी उघडी असली, तर मशीन गरम चाललं आहे. पिल्लं कुठल्या दिवशी निघाली ही नोंद थर्मामीटरपेक्षाही विश्वासाची आहे.

वीज गेली की लोक घाबरतात. गारवा भ्रूण बऱ्यापैकी सोसतं, जास्तीची उष्णता सोसत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत वीज गेली तर पेटी बंद ठेवा, वर गोधडी टाका. शेवटच्या आठवड्यात पिल्लं स्वतःच ऊब टाकत असतात आणि त्यांना हवा लागते, म्हणून तेव्हा पेटी घट्ट गुंडाळू नका. वीज आल्यावर कंट्रोलर भरपाईला ४० अंशांवर उसळतो का, हे मात्र उभं राहून बघा. ती उसळी वीज जाण्यापेक्षा जास्त मारते.

मधल्या दिवसांतली मरणं

सातव्या ते सतराव्या दिवसात फारशी मरणं व्हायला नकोत. होत असतील तर कोंबड्यांच्या खाण्याकडे बघा. लेअर मॅश खायच्या अंड्यांसाठी बनवलेलं असतं. त्यावर कोंबडी अंडी भरपूर देते, पण पिल्लू वाढायला लागणारी जीवनसत्त्वं, विशेषतः बी-२, त्यात कमी पडतात. मेलेल्या पिल्लाची पिसं गाठी मारल्यासारखी दिसत असतील किंवा निघालेल्या पिल्लांची बोटं आत वळलेली असतील, तर ती बी-२ ची कमतरता समजा. ब्रीडरचं, म्हणजे पैदाशीच्या पक्ष्यांचं, खाद्य मिळालं तर उत्तम. नाहीतर शेवग्याचा पाला, लसूणघास, मोड आलेलं धान्य रोज, आणि अंडी जमवायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून पाण्यात बी-कॉम्प्लेक्स.

घाण अंडी याच टप्प्यात सडतात. ती धुऊन ठेवण्यापेक्षा न ठेवलेली बरी. घरट्यातला भुसा आठवड्याला बदला, अंडी मुळात घाण होणारच नाहीत. आणि पिल्लं निघाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत शेपटीखाली पांढरी विष्ठा चिकटून मरत असतील, तर तो प्रश्न उबवणीचा नाही. हा आजार आईच्या अंड्यातून पिल्लात उतरतो. पशुवैद्यकाकडून मोठ्या पक्ष्यांची रक्ततपासणी करून घ्या आणि त्यात सापडलेला पक्षी पैदाशीतून काढा, कितीही देखणा असला तरी.

पूर्ण वाढलेलं पिल्लू आत मेलेलं

सगळ्यात जास्त जीव इथे तुटतो. अठरा दिवस सगळं ठीक, दिव्यावर धरलं तर आत हालचाल दिसते, आणि शेवटी काळंभोर, पूर्ण पिसांचं पिल्लू कवचात मेलेलं सापडतं. यातली बहुतांश मरणं पाण्याच्या हिशोबाने होतात.

अंड्यातलं पाणी उबवणीच्या काळात कवचाच्या छिद्रांतून उडायला हवं, तेवढी हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लू पहिला श्वास तिथे घेतं. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के घटलं पाहिजे. पुस्तकं सांगतात की पहिले अठरा दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवा आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. सांगणं बरोबर आहे, पण दीडशे रुपयांचा आर्द्रतामापक काय दाखवेल याचा नेम नाही. त्यात रत्नागिरीच्या श्रावणात आणि जळगावच्या एप्रिलमध्ये एकाच मापाच्या वाट्या भरून ठेवल्या तर दोन्हीकडे पिल्लं मरणार, एका ठिकाणी बुडून आणि दुसऱ्या ठिकाणी सुकून.

म्हणून आकड्याच्या मागे न लागता अंडी तोला. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा पुरतो. समजा ३० अंडी ठेवताना १४०० ग्रॅम भरली. सहाव्या दिवशी ती साधारण १३४४, बाराव्या दिवशी १२८८ आणि अठराव्या दिवशी १२३२ ग्रॅमच्या आसपास असायला हवीत. मधे काढून टाकलेल्या अंड्यांचं सुरुवातीचं वजन वजा करायला विसरू नका, म्हणून अंडी एकेक तोलून वजन कवचावरच लिहिलेलं सोयीचं. वजन हळू घटतंय तर पाणी कमी करा. पावसाळ्यात कोकणात पहिले अठरा दिवस पाण्याची वाटी मुळीच लागत नाही असंही होतं. झपाट्याने घटतंय तर पाण्याचा पसरट पृष्ठभाग वाढवा. वाटी खोल करून फरक पडत नाही, बाष्प वरच्या पृष्ठभागावरूनच उठतं.

फोडल्यावरही हे वाचता येतं. पिल्लू सुजट, ओलं, अंड्यात पाणी साचलेलं आणि हवेची पोकळी लहान, तर पाणी पुरेसं उडालं नाही. पिल्लू बारकं, आतला पापुद्रा कागदासारखा वाळून अंगाला चिकटलेला, तर जास्त उडालं. पापुद्रा फक्त चोच मारलेल्या जागेभोवती वाळला असेल, तर शेवटच्या तीन दिवसांत झाकण सारखं उघडलं गेलं. घरातली सगळी मुलं पिल्लं बघायला येतात हे मान्य, पण बघायचं ते काचेतून.

ओल टिकावी म्हणून शेवटच्या दिवसांत पेटीची भोकं बुजवणं हा घातक उपाय आहे. त्याच वेळी पिल्लांना सर्वांत जास्त हवा लागते. ओल कमी पडते तर ओलं स्पंज आत ठेवा, भोकं उघडीच राहू द्या.

पिल्लाचं डोकं निमुळत्या टोकाकडे सापडलं तर अंडं उलटं ठेवलं गेलं होतं. आडवं ठेवा किंवा रुंद टोक वर ठेवा. अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवायची, अठराव्या दिवशी फिरवणं बंद.

चोच मारल्यावर पिल्लाला मदत करावी का? चोवीस तास तरी थांबा, तोवर उरलेला बलक आणि रक्त ते पोटात ओढून घेत असतं. त्यानंतर सोडवलंत तर सोडवा, पण त्याच्या पायात वेगळ्या रंगाची पट्टी घाला आणि त्याला पैदाशीत घेऊ नका. दुर्मिळ जात म्हणून प्रत्येक जीव जपावासा वाटतो. पण स्वतःहून बाहेर येऊ न शकणाऱ्या पिल्लांची पिल्लं वाढवत गेलात तर दोन-तीन पिढ्यांत कळप त्याच वळणावर जातो.

मशीन निर्दोष आहे का, याचा निकाल

तापमान ताडलं, वजनं बसली, तरी निकाल सुधरत नाही. मग एकाच खेपेत दोन परीक्षा घ्या. शेजारच्या गावरान कोंबड्यांची १० अंडी तुमच्या मशीनमध्ये कडकनाथच्या अंड्यांसोबत ठेवा. आणि कडकनाथची १० अंडी एखाद्या खुडूक गावरान कोंबडीखाली रवणीला, म्हणजे उबवायला, घाला. कडकनाथ स्वतः क्वचितच खुडूक बसते, तेव्हा तिच्यावर अवलंबून राहू नका.

गावरानही मशीनमध्ये मेली आणि कोंबडीखाली कडकनाथ निघाली, तर मशीनच दोषी, वरचं सगळं पुन्हा तपासा. गावरान ८-९ निघाली आणि कडकनाथ दोन्हीकडे मागेच राहिली, तर मशीनला हात लावू नका. दोष रक्तात आहे. त्यातून मेलेली पिल्लं कुठल्याही एका दिवशी न साचता सगळीकडे विखुरलेली असतील, मधेच एखादं वाकड्या चोचीचं निघत असेल, ठरावीक कोंबड्यांचीच अंडी जात असतील, तर शंका उरत नाही. कळपात सगे एकमेकांत गेले आहेत.

घरच्या कळपात हे किती वेगाने होतं याचा हिशोब करता येतो. एक कोंबडा आणि १० कोंबड्या ठेवून त्यांच्याच पिल्लांतून पुढची पिढी काढली, तर दर पिढीला जवळच्या रक्ताचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी वाढतं. सावत्र भावंडांची जोडी लावली तर पिल्लांत ते १२.५ टक्के येतं. म्हणजे बाहेरून डोळ्यांना ११ पक्षी दिसतात, पण पैदाशीच्या दृष्टीने तो पावणेचार पक्ष्यांचाही कळप नसतो. त्याऐवजी ६ कोंबडे आणि १८ कोंबड्या ठेवल्या तर वाढ दर पिढीला ३ टक्क्यांच्या आत राहते. माद्यांची संख्या वाढवून फारसं साधत नाही, कोंबडे वाढवावे लागतात. जास्तीचे नर विकून टाकायची आपली सवय नेमकी इथे नडते.

महाराष्ट्रातल्या कडकनाथला आणखी एक इतिहास आहे. २०१९ मध्ये सांगली-इस्लामपूर भागातून कडकनाथच्या नावाने गुंतवणूक घेऊन झालेली फसवणूक उघड झाली आणि कितीतरी शेतकऱ्यांकडे पक्षी पडून राहिले. पिल्लं कुठून आली, आई-बाप कोण, याची नोंद बहुतेकांना कधी मिळालीच नव्हती. अशा पक्ष्यांवर उभा राहिलेला कळप असेल तर तो आतून किती सगा आहे हे सांगता येत नाही. दुसऱ्या तालुक्यातला पक्षी आणला तरी तो त्याच झाडाची फांदी निघू शकतो.

आणि इथेच सगळ्यात मोठा मोह होतो. कोणीतरी सांगतं, एक तगडा गावरान कोंबडा सोडा. सोडला की पुढची खेप खरंच भरभरून निघते, कारण संकराची पिल्लं जोमदार असतात. शिवाय ती काळीही दिसतात. कडकनाथचं काळेपण विसाव्या गुणसूत्रावरच्या एका बदलातून येतं आणि तो गुण प्रभावी आहे, त्यामुळे आई-बापापैकी एकाकडून आला तरी पिल्लू बरंचसं काळं होतं. मालकाला वाटतं प्रश्न सुटला. पुढच्या पिढीत पिवळ्या पायांची, गुलाबी तुऱ्याची पिल्लं निघू लागतात, तोवर शुद्ध पक्षी खाऊन किंवा विकून झालेले असतात. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या भिल्ल-भिलालांनी पिढ्यानपिढ्या राखलेली, २०१८ मध्ये जिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं ती जात आपल्या अंगणात दोन वर्षांत संपते. उबवणीचा टक्का वाढवण्याची ही किंमत मला कधीच मान्य होणार नाही.

रक्त बदलायचंच आहे, पण कडकनाथनेच. झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रात कडकनाथची पैदास होते, तिथे नोंद करून पक्षी मिळवता येतात. दुसऱ्या पाळणाऱ्याकडून घेत असाल तर एकटा पक्षी बघून ठरवू नका, त्याचे आई-बाप आणि भावंडं बघा. जीभ, टाळू, नखं, तुरा, लोंबणाऱ्या लोळ्या, सगळं काळं हवं. पिसं पूर्ण काळी, रुपेरी रेघांची किंवा सोनेरी छटेची, तिन्ही प्रकार कडकनाथमध्ये चालतात. अंडं मात्र फिकट बदामी असतं. काळी अंडी दाखवून कोणी विकत असेल तर तिथून निघा.

घरी जागा असेल तर तीन खुराडी करा, प्रत्येकात तुल्यबळ नसलेले २ कोंबडे आणि ६ कोंबड्या. तलंगा (तरुण कोंबड्या) ज्या खुराड्यात जन्मल्या त्याच खुराड्यात ठेवायच्या. कोंबडे मात्र दर वर्षी पुढे सरकवायचे, पहिल्या खुराड्यातले दुसऱ्यात, दुसऱ्यातले तिसऱ्यात, तिसऱ्यातले पहिल्यात. पिल्लांच्या पायात खुराड्याच्या रंगाची पट्टी पहिल्याच दिवशी बांधा, आणि पाय जाड होईल तशी बदला, नाहीतर ती रुतते. जागा एकाच खुराड्याची असेल तर जवळपासच्या दोन पाळणाऱ्यांशी ठरवून तिघांत हेच चक्र चालवता येतं. फक्त तिघांनी एकाच दिवशी कोंबडे बदलायचे, आणि तिघांकडेही गावरान कोंबडा मोकळा फिरता कामा नये.

वेळेचं गणित दसऱ्यापासून धरा. झाबुआकडे दिवाळीनंतर देवीला कडकनाथ वाहण्याची प्रथा आहे, त्यामुळे चांगल्या नरांची बोलणी त्याआधी झालेली बरी. आणलेला कोंबडा निदान तीन आठवडे कळपापासून लांब, वेगळ्या भांड्यात पाणी देऊन ठेवा, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झाली नसेल तर पशुवैद्यकाला विचारून करून घ्या, विष्ठा आणि श्वास बघत राहा. दिवाळीला जुना कोंबडा काढून नवा आत सोडा. कोंबडीच्या पोटात आधीच्या कोंबड्याचं बीज दोन ते तीन आठवडे टिकतं, म्हणून पुढच्या तीन आठवड्यांची सगळी अंडी स्वयंपाकघरात द्या. त्यानंतरची अंडी तारीख लिहून माठात ठेवायला सुरुवात करा. थंडीचे ते दिवस साठवणीलाही सोपे असतात.